जॅकचा दांडा

बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट.
"सकाळीच फेरी मारून आणलीत?"
हसुराम मढवी गळ्यातली चेन चाचपत म्हणाले,
"पाव आणायला गेलो होतो."
पाव समोरच्याच गाळ्यात मिळतो.
थंड इंजिन पहिल्या सेकंदाला जे बोलून जातं
ते आज ऐकायला मिळणार नाही.
लिहून घेतलं.

रेहाना तांबोळी, वाशीच्या हॉस्पिटलात नर्स.
रात्रपाळी संपवून थेट घणसोलीला आली आहे
आणि माझ्या चेहऱ्याकडे त्याच नजरेनं बघते आहे
जिला ती स्वतः रात्रभर उत्तरं देते.
सव्वातीन लाख. त्यातले ऐंशी हजार भिशीचे.

ताई, आधी चांगलं सांगतो.
मागं बसून बघा. तिघांचे सहा गुडघे
सहा ठिकाणी राहतात.
डिकीत अब्बांची व्हीलचेअर जाईल, वर पिशव्याही.
दार लावा. ऐकलंत?
हल्ली डबा मिटल्यासारखी दारं मिटतात.
मॉडेल बंद पडलं ते गाडी वाईट म्हणून नाही,
लोकांना उंच बसायचं होतं
आणि ही जमिनीशी बोलत चालायची.

आता दुसरं.
मीटर म्हणतो अठ्ठेचाळीस हजार.
ब्रेकच्या पॅडलचं रबर म्हणतं, लाखाच्या वर.
मी रबराचं ऐकतो,
त्याला मागं फिरवता येत नाही.
दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवलं:
खाडीचा वारा अकरा वर्षं चाटत बसलाय.
मागचा दिवा फुटला तर नवा नाही मिळणार,
भंगारात हिची एखादी ठोकलेली बहीण शोधायची,
आणि तिचा नेमका तोच डोळा शाबूत हवा.

रबाळ्यापर्यंत चालवून आलो.
तिसरा गिअर जरा रुसतो, मग येतो.
स्पीडब्रेकरवर उजवीकडून खट्.
"तो रस्ताच तसा आहे," मढवी मागून म्हणाले.
येताना रस्ता बदलला.
खट् सोबत आलं.

मग कप्पा उघडला.
पीयूसी, विमा, कुणाच्या तरी लग्नाची उरलेली पत्रिका
आणि तळाशी सर्व्हिसचं पुस्तक.
पहिली सहा पानं शिक्क्यांची, पुढं कोरी.
शिक्के मारणारं शोरूम आता बाथरूमच्या टाइल्स विकतं.
मला माहीत आहे,
टाय लावून मी तिथंच उभा असायचो
पेढ्यांचा बॉक्स आणि पुठ्ठ्याची मोठ्ठी किल्ली घेऊन.

पहिल्या पानावर डिलिव्हरीची यादी.
बावीस चौकोन. बावीस खुणा,
एका दमात ओढलेल्या.
खाली सही.
'र'ची शेपटी तेव्हा मी अशी उडवायचो.

धनत्रयोदशी होती.
सतरा गाड्या होत्या त्या दिवशी.

रेहाना लांब, अब्बांशी फोनवर.
मढवींनी डिकी उघडली. स्टेपनी नवीकोरी,
जॅक जागेवर, शेजारची खाच रिकामी.
"दांडा कधीच नव्हता," ते म्हणाले.
"ऐरोलीच्या पुलावर पंक्चर झाली एकदा,
रात्री दीड, सुनेला कळा सुटलेल्या.
टेम्पोवाल्यानं दिला त्याचा.
शोरूमला फोन केला, तर म्हणे यादीवर खूण आहे."
पाव आणायला गेलो होतो म्हणाले
तितक्याच सहज.

एकोणिसावा चौकोन.
मी काहीच बोललो नाही.
स्टेपनीतली हवा दाबून पाहिली,
जी आधीच पाहिली होती.

रेहानाला आकडा सांगितला: दोन पंच्याऐंशी, वर जाऊ नका.
आधी मनात दोन नव्वद आलं होतं,
पण ते पाच हजार माझे होते, तिचे नव्हते.
मग अहवाल भरत बसलो,
एकेका रकान्यापाशी उठून, वाकून, परत बघून.
शेवटच्या ओळीत लिहिलं:
जॅकचा दांडा नाही. पहिल्यापासून नाही.

तिनं कागद उन्हात धरून सावकाश वाचला.
"पहिल्यापासून,
हे तपासून कळतं?"